बोल्ड ॲज ब्रास

कंधारकर काका बेल वाजवत नसत. आमची दारं समोरासमोर, मध्ये चार पावलांचा पॅसेज, आणि आमच्या दाराला निखिलनं, माझ्या नवऱ्यानं, हौसेनं लावलेली किलबिलाटाची बेल. पण शेजाराच्या पहिल्या पाच वर्षांत काकांनी तिला कधी बोट लावल्याचं मला आठवत नाही. ते दाराशी येऊन उभे राहत आणि खाकरत. एकदाच, आणि तेही असं की आपल्यालाच वाटावं, भास झाला असेल. आतून कुणी आलं तर ठीक, नाही आलं तर मिनिटभर थांबून परत जात. हातात काकूंनी दिलेला अंबाडीच्या भाजीचा डबा असला तर तो पायपुसण्याशेजारी, मांजर तोंड घालणार नाही अशा बेतानं भिंतीला टेकवून ठेवलेला सापडे. झाकणावर चिठ्ठी, छापल्यासारख्या ठाशीव अक्षरात: ‘गरम आहे. पण घाई नाही.’

आम्ही नोकरीपायी पुण्याहून हैदराबादला आलो, कुकटपल्लीत फ्लॅट घेतला आणि समोरच्या दारावर देवनागरीतली पाटी बघून मला फार हायसं वाटलं होतं. मी पुण्यात वाढलेली. दुपारी एक ते चार कुणाची बेल वाजवू नये हे ज्याला सांगावं लागत नाही, अशा माणसाबद्दल मला उपजतच आदर. असा शेजार मिळाला म्हणून मी कितीतरी जणांना फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. आता ते कौतुक आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

काका उंच, काटकुळे, जरासे वाकलेले. छत्तीस वर्षं बालानगरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर उंच टेबलावर ओणवं होऊन यंत्रांचे नकाशे काढायचे, त्याचा बाक पाठीला कायमचा राहिला होता. घराबाहेर पडताना, मग ते जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवायला का असेना, अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला टोक केलेली पेन्सिल. माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असून मला ‘ताई’ म्हणत आणि अहोजाहो करत. मी एकदा म्हटलं, काका, मला नावानं हाक मारा. ते दोन दिवस विचारात पडले आणि पुन्हा ‘ताई’वर आले.

त्यांच्या वाटचं बोलायला काकू होत्या. मालतीकाकू म्हणजे ठेंगण्या, गोल, आणि सकाळी उठल्यापासून बोलत्या. देगलूरकडचं माहेर, लग्नानंतर जन्म हैदराबादेत. मराठीत दखनी आणि तेलुगू अशी मिसळलेली की आमच्या इरानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आई, ही कुठली लँग्वेज आहे. काकू बेल वाजवायच्या, दार उघडायच्या आत हाक मारायच्या आणि थेट ओट्यापर्यंत यायच्या. रिक्षा ठरवणं, डॉक्टरची वेळ घेणं, पाणी का आलं नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला धारेवर धरणं, सगळं त्यांच्याकडे. काकांना काही हवं असलं की ते काकूंच्या कानाशी लागत आणि काकू ते जगाकडे मागत. चाळीस वर्षांचा संसार त्या एका तोंडावर चालला होता.

काकांच्या स्वतःच्या तोंडी ठेवणीतले म्हणावेत असे तीनच शब्द होते: ‘बोल्ड ॲज ब्रास’. लाजलज्जा सोडलेल्या धीट वागण्याला इंग्रजीत असं म्हणतात. लग्नाच्या पंगतीत कुणी वाढप्याला हाक मारून पुन्हा जिलबी मागितली, की काका पानावरची नजर न हलवता हळूच म्हणत, ‘‘बोल्ड ॲज ब्रास.’’ बँकेच्या रांगेत कुणी ‘एकच सही हवीय’ म्हणत पुढे घुसला, टीव्हीवर कुणी पुढारी चौथ्यांदा पक्ष बदलून हार घालून घेताना दिसला, बाल्कनीतल्या कुंडीतलं पाणी पिऊन कबुतर तिथंच बसून राहिलं, की तेच. रागानं नाही. मान किंचित हलवून, जणू नकाशातली चूक दाखवावी तसं. काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता, पण हे तीन शब्द त्यांनीही ऐकून ऐकून उचलले होते, आणि त्या ते काकांवरच उलटवायच्या. काकांनी आपणहून दुसऱ्यांदा चहा मागितला, की ओट्याकडून आवाज यायचा.

माझ्या वाट्याला ते शब्द सुलतान बाजारात आले. काका, काकू आणि मी साड्या बघायला गेलो होतो. मी गादीवर बसून दुकानदाराला चाळीसेक साड्या उलगडायला लावल्या आणि एकही पसंत नाही म्हणून उठले. दुकानदार म्हणाला, ‘‘अम्मा, पूरी दुकान खोल दिए हम, एक तो बी लेव.’’ मी त्याच्याकडे लक्षही न देता पायरी उतरले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पाहिलं तर काका मागे नाहीत. काकूंनी कपाळाला हात लावला. दहा मिनिटांनी काका आले, बगलेत पुडकं. त्या माणसानं एवढ्या घड्या मोडल्या, आपण तसंच कसं यायचं, म्हणून त्यांनी त्याच्याकडून सहा परकर घेतले होते. सहाही एकाच मापाचे, आणि ते माप काकूंचं नव्हतं. रिक्षात बसल्यावर ते मला उद्देशून, अगदी आदरानं, म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही म्हणजे बोल्ड ॲज ब्रास.’’ काकू इतक्या हसल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

हे शब्द त्यांना मिळाले कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. नोकरी लागून महिना झाला होता. त्यांचे मोठे साहेब अँग्लो-इंडियन होते, शिस्तीचे, काम उत्तम. काकांना एका मोठ्या नकाशात एक माप चुकलेलं दिसलं. बावीस वर्षांचा पोरगा. उत्साहाच्या भरात नकाशा घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. साहेबांनी मान वर करून त्याला पाहिलं, मग काचेतून बाहेर बसलेल्या चाळीस माणसांना पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, बोल्ड ॲज ब्रास, हा पोरगा. हॉल हसला. काकांनी घरी जाऊन शब्दकोशात अर्थ काढला आणि त्या दिवसापासून ते कुठल्याही दारातून न बोलावता आत गेले नाहीत.

मी विचारलं, पण माप खरंच चुकलं होतं का.

‘‘हौ, चुकलं होतं,’’ काका म्हणाले. ‘‘पण माझी वेळ चुकली नं, ताई. साहेब चहा घेत होते.’’

त्या नकाशावरून यंत्राचा भाग तसाच चुकीचा घडवला गेला, बसेना म्हणून परत आला, आणि काकांनी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही की आपण हे आधी पाहिलं होतं. मी यावर खूप हसले होते. निखिलला सांगितलं, तोही हसला. त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ती दुपार मे महिन्यातली. इरा आजोळी पुण्याला, निखिल ऑफिसात, आणि मी घरून काम करत होते. जेवण उरकून अडीचच्या सुमाराला माझी मीटिंग सुरू झाली. समोर परदेशातले ग्राहक, माझ्या हाताखालच्या माणसानं घातलेला गोंधळ, आणि मी इंग्रजीत सारवासारव करते आहे. तेवढ्यात दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. मी ऐकला. इथं लपवाछपवी करून उपयोग नाही. कानांवर हेडफोन होते, तरी मी तो स्पष्ट ऐकला. मनात आलं, डबा असेल, ठेवतील. मी बोलत राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा एकदा खाकरणं झालं. तेही ऐकलं, आणि मला थोडा रागही आला, की दार उघडत नाही म्हणजे माणूस कामात आहे हे कळू नये का.

मीटिंग साडेतीनला संपली. मी डबा घ्यायला दार उघडलं. डबा नव्हता. काका उभे होते, बनियन आणि पायजम्यावर. शर्ट नसलेले काका मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘‘झाली का मीटिंग?’’ त्यांनी आधी हे विचारलं. मग म्हणाले, ‘‘मालतीचं तोंड जरा वाकडं दिसायलंय. बोलायली, पण कळंना.’’

आत काकू पलंगावर एका कुशीला कलल्या होत्या. उजवा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडलेला. माझ्याकडे बघून त्या काहीतरी सांगत होत्या, भराभरा, नेहमीच्याच घाईनं, आणि त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. मी वॉचमनला हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना लिफ्टपर्यंत आणलं, आणि मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. मागच्या सीटवर काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सिग्नलला मी सारखा हॉर्न वाजवत होते, तेव्हा मागून ते दोनदा म्हणाले, त्यांना जागा नाही ताई, ते तरी काय करतील.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं. काकांनी वेळा सांगितल्या, मापं सांगावीत तशा. दोन पस्तीसला त्या झोपेतून उठल्या आणि हाताला मुंग्या आल्या म्हणाल्या. दोन चाळीसला ते आमच्या दाराशी आले. आतून बोलणं ऐकू आलं म्हणून परतले. काकू तेव्हा बऱ्या बोलत होत्या, ‘उगं कुणाला परेशान करू नका, पित्त असेल’ असं त्यांनीच सांगितलं. तीनला जीभ जड झाली. तीन पाचला ते पुन्हा आले आणि मग तिथंच थांबले. दर दोन मिनिटांनी आत जाऊन बघून येत होते. अँब्युलन्सचं का सुचलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. सुचलं होतं, काका म्हणाले. पण दुपारची वेळ, सगळी बिल्डिंग झोपलेली, खाली भोंगा वाजवत गाडी येणार. आणि पित्तच निघालं असतं तर.

डॉक्टर तरुण होते, दिवसभराचे दमलेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की यात मिनिटामिनिटाचा फरक पडतो; लगेच आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं कदाचित, कदाचित नसतंही. काकांनी मान डोलावली. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी सोबत नेला.

रात्रीच्या विमानानं त्यांची मुलगी सुनीता विशाखापट्टणमहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन दवाखान्यात गेले, तर बापलेक बाकावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. काका तिला सांगत होते, ‘‘मी खाकरलो की नाही तेच आठवंना बेटा. उभा राहिलो ते आठवतं. आवाज निघालाच नसेल. निघाला असता तर ताई आल्या असत्या. त्या तशा नाहीत.’’

मी चहाचे दोन पेले घेऊन तिथं उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी पेले त्यांच्या हातात दिले आणि साखर कमी आहे का विचारलं.

काकू तीन आठवड्यांनी घरी आल्या. आधारानं चालू लागल्या, डाव्या हातानं जेवू लागल्या, माणसं ओळखत होत्या, सगळं समजत होतं. फक्त बोलणं गेलं होतं. ज्या बाईला गप्प बसवायला झोप लागे, ती आता खिडकीशी बसून ओठ हलवायची, हवा तो शब्द सापडेना की डाव्या हातानं मांडीवर चापट मारायची. वाचा परत यावी म्हणून स्वप्ना नावाची एक तेलुगू मुलगी आठवड्यातून दोनदा येऊन त्यांचा अभ्यास घेई. ‘‘चेप्पंडी अम्मा, चेप्पंडी,’’ असं ती मायेनं म्हणे, बोला हो अम्मा. पण तिला मराठी येत नव्हतं. तिनंच काकांना सांगितलं, यांच्या कानावर यांची भाषा पडू दे, खूप माणसांकडून, वेगवेगळ्या आवाजात. तुमच्या एकट्यानं होणार नाही.

आणि कंधारकर काका कुकटपल्लीत मराठी माणसं शोधायला बाहेर पडले.

डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. पहिली बेल त्यांनी आमची वाजवली, दुपारी दोन वाजता. मी धावत गेले तर काका काकूंना चाकाच्या खुर्चीत घेऊन उभे. म्हणाले, ‘‘पंधरा मिनिटं बोला हिच्याशी. काय बी बोला.’’ मग ती रोजचीच वेळ झाली. त्यांनी बिल्डिंगमधलं प्रत्येक मराठी आडनाव हुडकलं. लिफ्टमध्ये कुणी फोनवर ‘हो गं, पोचलो’ म्हटलं, की काका त्याच्या मजल्यावर उतरत. मेट्रोच्या जिन्यावर, औषधाच्या दुकानात, पार्कातल्या बाकांवर ते कान देऊन उभे राहत. सेक्रेटरीकडे तक्रार गेली की समोरच्या ब्लॉकमधले म्हातारे लोकांच्या मागे लागतात. सेक्रेटरीनं त्यांना बोलावून समज दिली. काकांनी ऐकून घेतलं आणि निघताना विचारलं, तुमच्या सूनबाई सोलापूरच्या ना.

एकदा मसाल्याचं सामान आणायला ते बेगम बाजारात गेले आणि येताना एका बाईंना घेऊन आले. सुमन गायकवाड त्यांचं नाव, एका सरकारी कचेरीत नोकरीला, नांदेडकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्या दुकानात धने घेताना बहिणीशी मराठीत बोलत होत्या. ‘‘काकांनी हात करून थांबवलं तेव्हा मी पर्स गच्च धरली होती,’’ असं त्यांनीच मला सांगितलं. काकांनी भर रस्त्यात, लोक बघत असताना, त्यांना सगळी हकिकत सांगितली होती आणि म्हणाले होते, तुमची बोली हिच्या माहेरची आहे. सुमनताई त्याच दिवशी रिक्षानं घरी आल्या, आणि नंतर दर रविवारी येत राहिल्या. तोपर्यंत काकांच्या घरी आलेली माणसं म्हणजे नातेवाईक आणि त्यांच्याच ओळखीपाळखीची घरं. तेही स्वतः त्यापलीकडे कधी कुणाकडे गेलेले नव्हते. आता सुमनताई काकूंच्या पलंगावर मांडी घालून बसत आणि काकूंची वेणी घालता घालता देगलूरच्या बाजाराचं वर्णन करत. काकू ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या.

एका संध्याकाळी काकांनी एक नवं जोडपं पकडून आणलं. नुकतंच पुण्याहून आलेलं, दोघंही सॉफ्टवेअरवाली, हातात पिझ्झाचा खोका, चेहऱ्यावर आपण इथं कसे आलो असं प्रश्नचिन्ह. मीही तिथं होते. ती दोघं सोफ्याच्या कडेवर बसली. मुलगा म्हणाला, ‘‘ॲक्च्युअली काय बोलायचं, अंकल?’’ काका म्हणाले, तुमचं लग्न कसं जमलं ते सांगा. आणि पिझ्झा थंड होईल म्हणून खोका उघडून, त्यांचाच पिझ्झा त्यांनाच वाढायला लागले. काकू हे सगळं बघत होत्या. त्यांची मान किंचित हलली. आणि नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, अडखळत पण स्वच्छ, ‘‘बोल्ड. ॲज. ब्रास.’’

चार महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले शब्द. मी मोठ्यानं हसले, मुलगी बावरून हसली, काकू स्वतः एका बाजूनं हसल्या. काका स्वयंपाकघरात निघून गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. नंतर स्वप्नानं समजावलं की वर्षानुवर्षं कानावर पडलेलं असं एखादं वाक्य आपोआप बाहेर येतं, त्याचा अर्थ बाकीचं येईलच असा नाही. ते खरं ठरलं. ‘नको’ आला, ‘चहा’ आला, सुनीताचं नाव अर्धं आलं. काकांचं नाव त्या कधी घेतच नव्हत्या, ‘अहो’ म्हणायच्या. त्या ‘अहो’ची काका रोज वाट पाहत. तो आला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी दुसरा झटका आला. या वेळी काकांनी मिनिटही घालवलं नाही. अँब्युलन्सला फोन केला, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बेला वाजवल्या, मला नावानं हाक मारली. दहा मिनिटांत गाडी आली. काही उपयोग झाला नाही. काकू वाटेतच गेल्या.

तेराव्याला त्यांचा हॉल माणसांनी भरला होता. नातेवाईक थोडे, बाकी सगळी काकांनी गोळा केलेली माणसं. औषधाच्या दुकानातला लातूरचा मुलगा, सेक्रेटरींची सून, पिझ्झावालं जोडपं, सुमनताई आणि त्यांची बहीण. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. हैदराबादेत एका खोलीत इतकं मराठी मी त्याआधी ऐकलं नव्हतं. काका प्रत्येकापाशी जाऊन, तुम्हाला फार त्रास दिला, असं सांगत होते. इस्त्रीचा शर्ट अंगात होता. त्यानंतर ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. दारं बंद, पॅसेज शांत. मी मात्र तेव्हापासून दुपारी आमचं दार उघडंच ठेवू लागले, मीटिंग असो की नसो. पण आत कुणी येत नव्हतं.

पावसाळ्यात सुनीता त्यांना कायमचं न्यायला आली. सामान खाली गेलं होतं. निघायच्या अर्धा तास आधी काका आमच्या उघड्या दारातून आले, खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर बसले. मी चालू मीटिंगचा कॅमेरा बंद केला, हेडफोन काढले. ते अंगठ्यानं टेबलाची कड चाचपू लागले. मग म्हणाले, ‘‘ताई, एक विचारतो. राग मानू नका. त्या दिवशी माझा आवाज तुम्हाला आला होता का?’’

वर्षभर मी या प्रश्नाला घाबरून होते. आला नव्हता म्हणावं, म्हाताऱ्या माणसाला जाताना कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला शंभरदा पढवलं होतं. आणि हेही कळत होतं की यात वाचवायचं असलं तर मला स्वतःलाच वाचवायचं होतं.

‘‘आला होता,’’ मी म्हटलं. ‘‘दोन्ही वेळा. मी उठले नाही, काका.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तयारीत होते; त्यांनी ओरडावं, उठून जावं, काहीही. पण त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. पाठीचा बाक होता तसाच होता, तरी ते मला सरळ बसल्यासारखे दिसले.

‘‘म्हणजे मी हाक दिली होती,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटायचं, नुसताच उभा राहिलो.’’

एवढं बोलून ते रडायला लागले, लहान मुलासारखे, मोठ्या आवाजात, पॅसेजमध्ये ऐकू जाईल असं. मी उठून त्यांच्याशेजारी गेले. मला क्षमा मागायची होती, पण त्यांनी माझा हात धरला आणि तेच मला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, बरं झालं सांगितलंत, फार बरं झालं, उपकार झाले. सुनीता त्यांना न्यायला आली तेव्हाही ते मागे वळून माझे आभार मानत होते.